वाचकांचे प्रश्न : तुलियानमच्या पायऱ्या उतरताना

मागच्या अंकात रोमन फोरमबद्दल, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाबद्दल, लिहिताना शेवटी एका ओळीत मी तुलियानमचा उल्लेख केला होता. कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी असलेली जुनी कोठडी, जिथे येशूचे प्रेषित संत पेत्र आणि संत पौल यांना बेड्या घालून ठेवलं होतं असं परंपरा सांगते. त्या एका ओळीवर आलेली पत्रं माझ्या टेबलावर आठवडाभर पडून आहेत. वसईत अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीच्या आधी आणि नंतर मिळून तीनदा रोमला गेले, आणि तिन्ही वेळा त्या कोठडीत उतरले. म्हणून हे सदर या वेळी पूर्ण तिच्यासाठीच ठेवलं आहे.

प्रश्न : बाई, आम्ही नवरा-बायको मे महिन्यात युरोप टूरला निघालो आहोत. रोमला अडीच दिवस आहेत. यादीत कोलोसियम, व्हॅटिकन आणि ट्रेव्हीचं कारंजं आहे, एक दुपार मोकळी आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. तरी ही कोठडी बघावी का? तिथे नेमकं आहे काय? — एक वाचक, नाशिक

बघाच. ख्रिस्ती असण्याची काही अट नाही. रोमचं राज्य कशावर उभं होतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने कोलोसियमइतकाच वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे.

एकावर एक अशा दोन खोल्या आहेत. वरची चौकोनीसर, तिला कारागृह म्हणत. तिच्या जमिनीत मधोमध एक गोल भोक आहे, आता त्यावर जाळी बसवलेली असते. त्या भोकाखाली दुसरी खोली, तीच तुलियानम. ती वरचीपेक्षाही जुनी, मुळात गोल बांधणीची, पेपेरिनो नावाच्या करड्या ज्वालामुखी दगडाच्या मोठमोठ्या चिऱ्यांची. पूर्वी तिला दार नव्हतं, जिना नव्हता. माणूस वरून त्या भोकातून खाली सोडला जायचा. आपण आज उतरतो तो जिना फार नंतरचा.

इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दोन कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं कोरलेली आहेत, गायस व्हिबियस रुफिनस आणि मार्कस कॉक्सियस नेर्वा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांनी या भिंतीचं काम केलं. म्हणजे संत पेत्र रोमला आला असेल तेव्हा ती अक्षरं तिथे होती. त्या भिंतीच्या बरोबर वर सुतारांच्या संघाने बांधलेलं संत योसेफाचं चर्च आहे, त्याचं बांधकाम 1597 मध्ये सुरू झालं. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्या चर्चचं छत कोसळलं. सुदैवाने आत कोणी नव्हतं आणि खालच्या कोठडीला धक्का लागला नाही. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

मोकळ्या दुपारी असं करा. कोलोसियमच्या बाजूने फोरममध्ये शिरा आणि टायटसच्या कमानीपासून चालायला सुरुवात करा. कमानीच्या आतल्या बाजूला मान वर करून बघा. जेरुसलेमच्या मंदिरातली सात फाट्यांची दीपमाळ खांद्यावर घेऊन चाललेले रोमन सैनिक तिथे कोरलेले आहेत. मग व्हिया साक्रा, म्हणजे पवित्र मार्ग, धरून उताराने सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीपर्यंत या. विजयी सेनापतींच्या मिरवणुका याच रस्त्याने यायच्या. कोठडी त्या कमानीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिचं तिकीट फोरमच्या तिकिटात धरलेलं नसतं, ते वेगळं काढावं लागतं. आत पाऊण तास पुरतो. वरच्या रस्त्याचं नावच सान पिएत्रो इन कार्चेरे आहे, कारागृहातला संत पेत्र, त्यामुळे कोणालाही विचारलंत तरी चुकणार नाही.

प्रश्न : आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं की रोमन कायद्यात तुरुंगवासाची शिक्षाच नव्हती. मग हा तुरुंग कशासाठी होता? तिथे कोणाला ठेवायचे? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझे प्राध्यापक बरोबर सांगतात. अमुक वर्षं कैद अशी शिक्षा रोमन लोक सहसा देत नसत. दंड, हद्दपारी, खाणीत सक्तीची मजुरी किंवा मृत्यू, या त्यांच्या शिक्षा. तुरुंग म्हणजे निकाल लागेपर्यंत किंवा जल्लाद येईपर्यंत माणूस ठेवायची जागा. तुलियानममध्ये उतरवलेल्या माणसाला बहुतेक वेळा पुढचा मुक्काम नसायचा.

सॅलस्ट नावाच्या रोमन इतिहासकाराने ही जागा वर्णन केली आहे. जमिनीखाली सुमारे बारा फूट, चहूबाजूंनी भिंती, वर दगडी कमानींचं छत, आणि घाण, अंधार, दुर्गंधी यांनी भयंकर झालेली. तो हे लिहितो ते इसवी सन पूर्व 63 च्या 5 डिसेंबरबद्दल. सत्ता उलथवायला निघालेल्या कॅटिलाइन नावाच्या उमरावाच्या कटातल्या पाच जणांना त्या संध्याकाळी इथे गळा आवळून मारलं. त्यातला लेंटुलस हा त्या वर्षीचा प्रिटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी, मोठ्या घराण्यातला माणूस, आणि त्याला हाताला धरून इथवर आणलं ते खुद्द कॉन्सल सिसरोने. सगळं झाल्यावर सिसरो बाहेर थांबलेल्या लोकांना एकच शब्द म्हणाला, ज्याचा अर्थ 'ते जगले'. आपण मराठीत 'गेले' म्हणतो ना, तसंच रोमनही मरणाचं नाव तोंडाने घेणं अशुभ मानून ते आडवळणाने सांगत. मी हा प्रसंग वर्गात सांगायचे तेव्हा मुलं पहिल्यांदा हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. त्या पाचांवर खटला चाललेला नव्हता. पुढे याच कारणावरून सिसरोला स्वतःला इसवी सन पूर्व 58 मध्ये रोम सोडून जावं लागलं.

पण ही जागा खरी ओळखली जाते ती हरलेल्या राजांमुळे. विजयी सेनापतीचा रथ फोरमवरून कॅपिटोलकडे वळायचा तेव्हा तो शत्रूच्या नायकांना बाजूला काढून कारागृहाकडे न्यायचा हुकूम द्यायचा. हे सिसरोनेच एका भाषणात सांगितलं आहे. वर देवळात बैल बळी जायचा आणि खाली माणूस.

उत्तर आफ्रिकेतल्या नुमिदियाचा राजा जुगुर्था इसवी सन पूर्व 104 मध्ये रोमन सेनापती मारियसच्या मिरवणुकीतून इथे आला. प्लुटार्क हा प्राचीन चरित्रकार सांगतो की पहारेकऱ्यांनी त्याचे कपडे फाडले, कानातलं सोनं ओढताना कानाची पाळी तुटली, आणि त्याला नागडं करून खाली ढकललं. तेव्हा तो म्हणाला, 'हर्क्युलिस! किती थंड आहे हे तुमचं न्हाणीघर!' सहा दिवस भुकेशी झगडून तो गेला. हे थंडीचं वाक्य लक्षात ठेव, पुढच्या एका उत्तरात ते परत येणार आहे.

गॉल लोकांचा पुढारी व्हर्सिंजेटोरिक्स सीझरला शरण आला इसवी सन पूर्व 52 मध्ये. त्याला जिवंत ठेवलं ते केवळ मिरवणुकीसाठी. ती निघाली इसवी सन पूर्व 46 मध्ये. मिरवणूक संपली आणि त्यालाही संपवलं, इथेच, असं मानतात. आणि इसवी सन 71 मध्ये सिमोन बार गिओरा, जेरुसलेमच्या बंडाचा एक नेता. गळ्यात दोरी घालून, वाटेत फटके मारत त्याला फोरममधून ओढत आणलं. जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहिलंय की वरती ज्युपिटरच्या देवळापाशी सगळे थांबून होते. सिमोन मेल्याची बातमी वर पोहोचली, लोकांनी जयघोष केला, आणि मग पूजा सुरू झाली. नाशिकच्या वाचकांना मी टायटसच्या कमानीपासून चालायला सांगितलं ते यासाठी. कमानीवरची मिरवणूक आणि सिमोनची मिरवणूक एकच आहे. दीपमाळ दगडात कोरली गेली, सिमोन कोरला गेला नाही.

प्रश्न : बाई, आम्ही आमच्या धर्मग्रामातून यात्रेला गेलो होतो. कोठडीजवळ आल्यावर गाईड हसत म्हणाला, 'इथे पेत्र-बित्र कोणी नव्हता, ही सगळी नंतर रचलेली गोष्ट.' आमच्यातल्या दोघीतिघी आत गेल्याच नाहीत. मी गेले, पण प्रार्थना करताना मनात तेच घोळत होतं. खरं काय ते तुम्ही सांगा. — एक वाचिका, नंदाखाल

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या गाईडने माहिती चुकीची दिली म्हणून नव्हे, तर ती ज्या तऱ्हेने दिली म्हणून मला वाईट वाटलं. आत न गेलेल्या तुमच्या मैत्रिणींबद्दल जास्त.

वर्गात मी अशा वेळी फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचे. डावीकडे 'माहीत आहे', उजवीकडे 'मानतात'. आपण तसंच करू.

माहीत काय आहे? बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटी पौल रोममध्ये दोन वर्षं स्वतःच्या भाड्याच्या घरात राहत होता असं लिहिलं आहे, राखणीला एक शिपाई. रोमन नागरिकाला असं ठेवता यायचं. पेत्राच्या रोममधल्या दिवसांबद्दल ते पुस्तक काही सांगत नाही. इसवी सन 64 च्या जुलैमध्ये रोमला मोठी आग लागली आणि सम्राट नीरोने तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं. टॅसिटस हा इतिहासकार, जो स्वतः ख्रिस्ती लोकांना मुळीच मानत नव्हता, लिहितो की त्यांना कुत्र्यांकडून फाडवलं, क्रूसावर चढवलं, रात्री दिव्यांसारखं जाळलं. मग 96 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तमंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, संत क्लेमेंटचं म्हणून ओळखलं जाणारं. त्यात पेत्र आणि पौल यांनी सोसलेल्या छळाचा उल्लेख आहे, पौलाला सात वेळा बेड्या पडल्या असंही आहे. कोणत्या कोठडीत, ते नाही.

आता उजवा रकाना. पेत्राला इथे ठेवलं, प्रोसेसस आणि मार्टिनियन या दोन पहारेकऱ्यांचं त्याच्या शिकवणीने मन पालटलं, बाप्तिस्म्याला पाणी नव्हतं तेव्हा पेत्राच्या हातून खडकातून झरा फुटला. ही कथा या दोन रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांच्या, चरित्रात येते आणि ते चरित्र पाचव्या-सहाव्या शतकातलं आहे. म्हणजे घटनेनंतर चारशे-पाचशे वर्षांनी. कोठडी हे ख्रिस्ती उपासनेचं ठिकाण झाल्याच्या खुणा साधारण सातव्या-आठव्या शतकापासून मिळतात, भिंतींवरची जुनी चित्रं तेव्हापासूनची. या कोठडीचं आज प्रचलित असलेलं 'मामेर्तिनो' हे नावसुद्धा मध्ययुगातलं. प्राचीन रोमन तिला नुसतं कारागृह म्हणत.

शिवाय एक अडचण आहे, ती मी लपवणार नाही. वरच्या उत्तरात बघा कोण कोण इथे आलं. राजे, बंडखोर सेनापती, उमराव. पेत्रासारख्या गालीलच्या कोळ्याला रोमच्या नजरेत एवढी किंमत होती का? पुष्कळ इतिहासकार म्हणतात, नसावी, त्याला शहरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी कोठडीत ठेवलं असेल.

म्हणून पेत्र इथेच होता हे डाव्या रकान्यात लिहिता येत नाही. पण तो इथे नव्हताच, हेही तिथे लिहिता येत नाही. गाईडने तेच लिहिलं. त्याने उजव्या रकान्यावर काट मारली आणि स्वतःचं वाक्य पुराव्याशिवाय डावीकडे नेऊन ठेवलं. उशिरा लिहिलेलं आणि मुद्दाम रचलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या शहरात आजीने नातवाला जागा दाखवायची आणि नातवाने आपल्या नातवाला, तिथे कागद नेहमीच मागाहून येतो. कधी आठवण बरोबर असते, कधी जागा सरकलेली असते.

आता माझं स्वतःचं सांगते. खाली वेदीच्या दर्शनी बाजूला उलटा क्रूस आहे. हल्ली सिनेमांमुळे मुलं तो बघून दचकतात. तो पेत्राचा क्रूस, आपल्या प्रभूसारखं मरायची आपली लायकी नाही म्हणून त्याने डोकं खाली करून चढवून घेतलं, त्या परंपरेतला. त्या वेदीपुढे गुडघे टेकले की मी पेत्राचं नाव घेते, आणि मग जुगुर्थाचं घेते, सिमोन बार गिओराचं घेते, लेंटुलसचंही घेते. तो काही चांगला माणूस नव्हता. पण याच फरशीवर ते मेले, हे डाव्या रकान्यातलं आहे. त्यांच्यासाठी दिवा लावणारं रोममध्ये दुसरं कोण आहे? आपल्या पूर्वजांनी हा खड्डा पेत्राचा म्हणून तेराशे वर्षं जपला नसता, तर तो बुजून वर दुकानं उभी राहिली असती आणि या माणसांना जिथे संपवलं ती जागाही आपल्याला दाखवता आली नसती. तुमची प्रार्थना वाया गेलेली नाही. मैत्रिणींना हे उत्तर वाचून दाखवा, आणि पुन्हा जाल तेव्हा त्यांना हाताला धरून आत न्या.

सेंट पीटर्स बॅसिलिकातही एक काम करा. तिच्या उजव्या बाहूत प्रोसेसस आणि मार्टिनियन यांची वेदी आहे, नवव्या शतकात पोप पास्काल पहिले यांनी त्यांचे अवशेष बॅसिलिकात आणले. आपल्या यात्रेकरूंची रांग पिएता या शिल्पाकडून सरळ मुख्य वेदीकडे जाते, या दोन पहारेकऱ्यांकडे कोणी वळत नाही. त्यांचा सण 2 जुलैला असतो.

प्रश्न : तो झरा अजून आहे का? त्याचं पाणी तीर्थ म्हणून बाटलीत आणता येतं का? — एक वाचक, रत्नागिरी

पाणी आहे. खालच्या खोलीत जमिनीत एक लहान गोल खळगा आहे, त्यात ते दिसतं. माझ्या पहिल्या भेटीत मी वाकून बघत राहिले, हलत नाही असं वाटतं, मग दिव्याचं प्रतिबिंब जरासं थरथरतं आणि खालून काहीतरी येतंय हे कळतं. बाटली भरायच्या भानगडीत पडू नका. ती पुरातत्त्वाची जागा आहे आणि ते पाणी पिण्याचं नाही.

झरा पेत्राच्या आधीचा आहे. तुलियानम हे नाव राजा सर्व्हियस तुलियस याच्यावरून पडलं असं काही रोमन लेखक सांगत, पण जुन्या लॅटिनमध्ये 'तुलियस' म्हणजे उसळून येणारं पाणी असाही अर्थ होता आणि मला तोच पटतो. 2010 नंतर इथे मोठं उत्खनन झालं, 2016 मध्ये जागा पुन्हा खुली झाली. अभ्यासकांना आता वाटतं की कोठडी होण्याआधी ही झऱ्याची पूजेची जागा असावी. उत्खननात लिंबाच्या बियाही मिळाल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लिंबू तेव्हा रोमला फार दुर्मीळ, श्रीमंतांकडचं फळ होतं. पाण्यापाशी लिंबू म्हटल्यावर तुम्हा कोकणातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

म्हणजे आधी झऱ्याची देवता, मग मरणाची कोठडी, मग बाप्तिस्म्याचं पाणी. झरा तोच. चमत्काराच्या कथेत आणि या माहितीत मला भांडण दिसत नाही. त्या भोकातून खाली टाकलेल्या तहानलेल्या माणसाला अंधारात हाताला पाणी लागलं असेल, तर त्याच्यासाठी ते त्याच क्षणी फुटलेलं होतं.

प्रश्न : मी बायबल नेमाने वाचते. या कोठडीत वाचण्यासाठी कोणता उतारा नेऊ? आणि पौलाशी संबंधित आणखी कोणत्या जागा बघाव्यात? — एक वाचिका, दहिसर

तीमथ्याला दुसरं पत्र, चौथा अध्याय. पौलाने हे पत्र याच कोठडीतून पाठवलं असं परंपरा मानते. पत्र खुद्द पौलाचं की त्याच्या शिष्यांनी त्याच्या नावाने लिहिलेलं, यावर बायबलच्या अभ्यासकांत वाद आहे, तो तुम्हाला ठाऊक असावा म्हणून सांगितलं. मात्र लिहिणाऱ्याला कैद ठाऊक होती याबद्दल मला शंका नाही.

तेरावं वचन बघा. मरण समोर दिसतंय, आणि पौल काय मागतो? त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये. आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. पुढे एकविसाव्या वचनात, हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते आणि दर वेळी ते कानावरून जायचं. पहिल्यांदा खाली उतरले तो जूनचा शेवटचा आठवडा होता, 29 तारखेच्या पेत्र-पौलाच्या सणासाठी गेलो होतो, बाहेर ऊन इतकं की डांबर मऊ झालेलं. खाली भिंतीला तळवा लावला तर दगड ओला आणि गार, आपल्याकडे विहिरीच्या आतल्या बाजूला पायऱ्यांशेजारी लागतो तसा. पाच मिनिटांत ओढणी खांद्यावर घ्यावी लागली. तेव्हा जुगुर्थाचं न्हाणीघर आणि पौलाचा झगा हे दोन्ही मला एकदम कळले. एक राजा, एक राहुट्या शिवणारा. दोघांमध्ये दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर. आणि परंपरा खरी धरली तर दोघं एकाच दगडाला टेकून कुडकुडले. तिथे मी तो अध्याय मोबाइलवर नाही, छोट्या मराठी नव्या करारातून वाचला, हळू आवाजात. शेजारी एक म्हातारी सिस्टर उभी होती, कुठल्या देशाची ते कळलं नाही. 'पौल' आणि 'तीमथ्य' एवढे दोन शब्द तिला उमगले असावेत. तिने मान हलवली आणि माझं वाचून होईपर्यंत थांबली.

पहिल्या अध्यायात अनेसिफर येतो, तोही वाचा. सगळे पांगल्यावर हा माणूस रोमला आला, पौलाला कसोशीने शोधून काढलं आणि त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांचा संत कोण असं मला कोणी विचारलं, तर मी अनेसिफरचं नाव घेईन.

बाकीच्या जागा थोडक्यात. कोठडीपासून पायी वीसेक मिनिटांवर सान पिएत्रो इन व्हिंकोली, तिथे वेदीखाली पेत्राच्या म्हणून मानलेल्या साखळ्या आहेत. लोक मायकेलअँजेलोचा मोशे बघून निघून जातात, तुम्ही साखळ्यांपाशी थांबा. ओस्तियाच्या रस्त्यावर भिंतीबाहेरच्या संत पौलाची बॅसिलिका, तिथे त्याची कबर. तिच्या पुढे त्रे फोंताने, जिथे त्याचा शिरच्छेद झाला असं मानतात. निलगिरीच्या झाडांमधली शांत जागा आहे ती, घाईने बघू नका.

प्रश्न : माझ्या आईचं वय 74, दोन्ही गुडघे दुखतात, आणि बंद जागेत तिला घाबरायला होतं. तिची फार इच्छा आहे. नेऊ का? — एक वाचक, पुणे

मी माझ्या आईला नेलं होतं तेव्हा ती एकाहत्तरची होती, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यामुळे हे उत्तर अनुभवाचं आहे.

खालच्या खोलीकडे जाणाऱ्या पायऱ्या अरुंद आणि तीव्र उताराच्या आहेत. खोली लहान आहे, छत बुटकं, एक गट आत असला की कोंडल्यासारखं होतं. आईंना रबरी तळव्याचे बूट घाला, चपला नकोत. सकाळी दार उघडताच जा, गर्दी कमी असते. आत जाण्याआधी तिकीटखिडकीवर त्यांच्या गुडघ्यांबद्दल स्पष्ट सांगा आणि कोणता रस्ता सोपा ते विचारा. वरच्या खोलीत बसवून पाच मिनिटं जाऊ द्या, श्वास ठीक वाटला तरच खाली. नाही उतरवलं तरी फार बिघडत नाही. जमिनीतल्या त्या जाळीपाशी उभं केलंत तर खालचा उजेड दिसतो.

माझी आई उतरली. जिन्याजवळच्या भिंतीत एक दगड लोखंडी जाळीमागे जपून ठेवलेला आहे, त्यात खोलगट ठसा आहे. शेजारच्या इटालियन लेखात म्हटलंय की शिपायांनी ढकलल्यावर पेत्राचं डोकं या दगडावर आपटलं आणि ही खूण राहिली. मी आईला अर्थ सांगितला. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, की आई, पेत्राच्या वेळी इथे जिनाच नव्हता, कैद्यांना भोकातून सोडत. एवढ्यात तिने जाळीतून दोन बोटं घालून त्या खोलगट जागेला लावली आणि म्हणाली, 'केवढं लागलं असेल त्याला.'

मी पुढे काही बोलले नाही. ती तिथे उभी राहिली, मागे माणसं खोळंबली होती, कोणी घाई केली नाही. माझे दोन रकाने मला त्या दिवशी पहिल्यांदाच अपुरे वाटले. वर आल्यावर ती बाकावर बसली आणि गुडघा चोळत तिने विचारलं, त्याला औषध लावणारं कोणी होतं का गं आत. मी तिला त्या दोन पहारेकऱ्यांची नावं सांगितली. ती तिने पाठ केली, आणि घरी रोजच्या रोझरीनंतर शेवटपर्यंत घेत राहिली.

तेव्हा आईंना न्या. उतरताना तुम्ही पुढे राहा आणि त्यांचा एक हात तुमच्या खांद्यावर असू द्या, चढताना त्यांना पुढे जाऊ द्या. छत्री, पिशवी बाहेरच कोणाकडे तरी द्या, कठडा धरायला त्यांचा दुसरा हात मोकळा हवा. आणि शाल घ्यायला विसरू नका, उन्हाळा असला तरी.